न कळकलेली कढी

आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राला एक लांबलचक शास्त्रीय नाव आहे. ते उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी अडखळत वाचलं, त्यानंतर कुणी घेतलं नाही. आम्ही सगळे तिला चोंबडी म्हणतो. कारण तिच्यापासून काही लपत नाही, आणि कळलेलं तिच्या पोटात राहत नाही.

मी ऋजुता. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर गेली सहा वर्षं ही चोंबडी सांभाळते. शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ आणि, माझा नवरा म्हणतो त्याप्रमाणे, स्वभावानं फौजदार. म्हणू दे. फौजदाराशिवाय हे काम होत नाही.

काम समजायला सोपं आहे. पूर्वी प्रोटॉनचा झोत तयार करायला आख्खी इमारत लागायची, आता आमचा त्वरक दोन कपाटांत मावतो. शस्त्रक्रियेत रुग्णाच्या धमनीतून चुन्यासारखा कडक थर खरवडून काढतात. त्याची पातळ चकती कापायची आणि केसाहून कितीतरी बारीक झोत तिच्यावर सोडायचा. प्रोटॉन अणूच्या अगदी आतल्या कप्प्यातला इलेक्ट्रॉन उडवतो. ती रिकामी जागा भरायला बाहेरचा इलेक्ट्रॉन आत उडी घेतो, आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. प्रत्येक धातूच्या क्ष-किरणाची ऊर्जा ठरलेली. भांड्याच्या दुकानात टिचकी मारून आपण पितळ की कासं ते ओळखतो, तसंच हे. फक्त लाखात एखादा अणू असला तरी चोंबडीला तो ऐकू येतो.

खरी गंमत थरांची. धमनीतला चुना वर्षानुवर्षं साठत जातो, जुना खोल आणि नवा रक्ताच्या बाजूला. २०३६ साली आमच्याकडे नव्या योजनेचं पाणी आलं. त्यात स्ट्रॉन्शियम जास्त. त्यामुळे इथल्या प्रत्येकाच्या धमनीत त्या सालाची एक रेघ सापडते. ती रेघ धरायची आणि तिथून पुढे-मागे वर्षं मोजायची. कुठल्या साली अंगात कोणता धातू शिरला, सगळं मांडून ठेवलेलं असतं.

यातून किती घरं हलली म्हणून सांगू! तंबाखूतून कॅडमियम येतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांची तंबाखू सत्तराव्या वर्षी बायकोला कळली, आणि ती बिचारी तंबाखूपेक्षा तिचा वास लपवायला चाळीस वर्षं चघळलेल्या वेलदोड्यांसाठी जास्त रडली. आता तर लग्न ठरवताना काही लोक पत्रिकेबरोबर होणाऱ्या सासऱ्याचा धातुलेखही मागतात.

त्यात दोन वर्षांपूर्वी विलयक नावाचं औषध आलं. ते धमनीतला चुना सुरीशिवाय विरघळवतं. पण चुन्यात अडकलेले धातूही त्याबरोबर रक्तात सुटतात, आणि ते बाहेर टाकता टाकता मूत्रपिंडं मेटाकुटीला येतात. त्यात बाहेरून रोज नवा धातू येत असेल तर माणूस हातचा जातो. म्हणून नियम झाला: धातूचा उगम सापडल्याशिवाय विलयक नाही. उगमाचा फॉर्म भरायचा. भांडं कुणाचं, घर कुणाचं, रुग्णाशी नातं काय. मग आरोग्य निरीक्षक त्या घरी जाणार, भांडं जप्त करणार आणि महिनाभरासाठी दारावर पिवळा कागद चिकटवणार. गल्लीत कुणाच्या दाराला पिवळा कागद लागला की लोक काय काय बोलतात, ते सांगायला नको.

दुसऱ्यांच्या घरी कागद लागत होते तोवर मला हा नियम फार चांगला वाटायचा.

मार्चमध्ये माझे वडील जिन्यात चक्कर येऊन पडले. मधुसूदन तासगावकर, वय त्र्याहत्तर, आम्ही नाना म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून एकटे राहतात, आमच्यापासून दोन चौक पलीकडे. "तुमच्या घरात मला पाहुण्यासारखं वाटतं," म्हणतात. मग मी रोज कामावर येताना त्यांच्या दारात डबा देते आणि संध्याकाळी घासलेला डबा घेऊन जाते. नऊ वर्षांत एकदाही चुकले नाही. हे मी थोडं मिरवूनच सांगते आहे.

मानेतल्या दोन्ही धमन्या तुंबल्या होत्या. उजवी शस्त्रक्रिया करून साफ केली. डावी पंच्याऐंशी टक्के बंद, आणि अडथळा कवटीच्या इतका जवळ की तिथे सुरी पोचत नाही.

"विलयकच द्यायला लागेल," डॉक्टर नाझनीन अत्तार म्हणाल्या. "आणि लवकर. पंधरा दिवसांच्या वर मी थांबणार नाही, ऋजुता. झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

उजव्या धमनीतला थर माझ्याच टेबलावर आला. चोंबडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. बापाच्या मानेतली चकती मीच झोतासमोर ठेवली. स्ट्रॉन्शियमची रेघ जागेवर होती. त्यानंतर दोन वर्षं सगळं निवांत. आणि मग २०३८ पासून शिशाची रेषा जी उसळली, ती थेट आजपर्यंत चढतीच. शिशाच्या अंगाला अगदी पुसटसं कथील.

मी डोक्याला हात लावून बसले. रंगातलं शिसं असतं तर एकटं दिसलं असतं. शिसं आणि कथील जोडीनं आलं, तेही रोज, चार वर्षं, म्हणजे ते पोटातून आलं. म्हणजे भांड्यातून. आणि नानांना रोज खायला कोण घालतं? मी!

त्या दिवशी घरी जाऊन मी कुकरपासून पळीपर्यंत सगळं खरवडलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "आता मलाही खरवडणार का?" मी त्याच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. चोंबडीनं माझी सगळी भांडी निर्दोष ठरवली. हायसं वाटलं, पण क्षणभरच. कारण मग नाना दुसरीकडे कुठेतरी जेवत होते.

"नाना, तुम्ही दुपारी कुठे जेवता?" मी वॉर्डमध्ये जाऊन सरळच विचारलं. त्यांच्यापुढे वाटीत मी केलेली कढी होती.

"घरी. तुझा डबा."

"खोटं."

त्यांनी कढीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "आंबट आहे नुसती."

"साखर घालू?"

"साखरेची नव्हे गं. आतून एक गोडी असते बघ. साखर न घालताही."

"कुणाच्या कढीला?"

कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. मी बापाला असं लाजताना जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते लाजत होते त्याच क्षणी माझ्या डोक्यात रसायनशास्त्र धडाधड जुळत होतं. शिशावर आंबट पडलं की जे क्षार होतात ते चवीला गोड असतात. न घातलेली गोडी! चार वर्षं रोज!

"नाना, ती कढी विषारी आहे. कुणाच्या घरी खाता ते सांगा."

"नाही सांगणार."

"अहो, उगम लिहिल्याशिवाय औषध मिळत नाही!"

"नको मला औषध. कुणाच्या दारावर तुमचा पिवळा कागद लागायला नको. एकट्या बाईनं राहायचं असतं त्या गल्लीत." एवढं बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

एकटी बाई. मी तरातरा बाहेर आले. राग म्हणजे किती राग यावा! बाई आहे म्हणून नव्हे, देवाशपथ. चार वर्षं मी पाचला उठून पोळ्या लाटतेय, आणि हा माणूस घासलेला डबा माझ्या हातात देऊन "छान झाली होती हो भाजी" म्हणतोय!

वॉर्डबाहेरच्या बाकावर एक बाई बसलेल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, उंच, पाठ ताठ, मांडीवर कापडी पिशवी. पहारेकऱ्यानं मला पाहून तक्रार केली, "मॅडम, ह्या तीन दिवस येऊन बसतात. नातं विचारलं तर सांगत नाहीत. पास कसा देऊ?"

पिशवीतून आल्याचा आणि कढीलिंबाचा वास येत होता.

"कढी आहे ना त्यात?" मी म्हणाले.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही रुजूताई. नाकावरनं ओळखलं, तासगावकरांचंच नाक. मी शालन निकम. बसा की, उभ्या का?"

मी बसले. का बसले कुणास ठाऊक. आवाजातच असं काही होतं की सांगितलेलं ऐकावं. नंतर कळलं, एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर होत्या.

"माझा डबा कुठे जातो, शालनताई?"

"माझ्या पोटात," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते माझी कढी-भाकरी खातात, मी तुमची पोळी-भाजी. कढी मात्र मला दोन्ही वेळ लागते. सूनबाई नाही, लेक नाही, मुलगा चाकणला. रोज आयतं, गरम. देवाघरचं वाटायचं मला. तुमचं कारलं फार चांगलं होतं. घाईच्या दिवशी मोहरी करपते तेवढी. आणि मागच्या दिवाळीत आठ दिवस मीठ कमी पडत होतं, तेव्हा मी तासगावकरांना म्हटलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय, जाऊन विचारा."

मागच्या दिवाळीत नाना अचानक घरी येऊन बसले होते. काही बोलले नव्हते, नुसते बसले होते. माझी नोकरी तेव्हा जाता जाता राहिली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि त्याचं मला जरा वाईटच वाटलं, कारण मला अजून भांडायचं होतं.

"शालनताई, कढी कशात करता?"

"आईच्या पितळी पातेल्यात. कल्हई उडाली होती त्याची. ताक ओतलं की कळकायचं, हिरवं कच्च लागायचं. कल्हईवाले तर आता औषधालाही सापडत नाहीत. मी टाकून देणार होते, तर तासगावकर म्हणाले, आईचं भांडं टाकता कशाला, मी करून देतो. शेगडी पेटवली, नवसागर मारला, कापसाच्या बोळ्यानं असं चकचकीत केलं म्हणता! चार वर्षांत एकदा कळकलं नाही."

"कथील कुठलं वापरलं?"

"दुकानातलं उरलेलं. तारेची रिळं होती ना त्यांची."

मी डोळे मिटले. ती रिळं मला पाठ होती. शाळेतून आल्यावर मी दुकानात बसायचे तेव्हा नाना तीच तार वितळवून रेडिओला डाग द्यायचे. त्यांच्या लेखी ते कथीलच. सगळ्या दुकानदारांच्या लेखी कथीलच. पण ती जुनी तार, साठ भाग कथील आणि चाळीस भाग शिसं. पितळ झाकलं गेलं, म्हणून ताक कळकलं नाही. कळकलं असतं तर दोघांनी पहिल्याच दिवशी थुंकून टाकलं असतं. कढी गोड लागली आणि घात झाला.

त्याच दुपारी पातेल्याचा कीस चोंबडीखाली ठेवला. साठ आणि चाळीस. शालनताईंचं रक्तही तपासायला दिलं. त्या "मला काय धाड भरलीय" म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी आकडा आला तो नानांच्या दीडपट. बरोबरच होतं. नाना एक वेळ जेवत होते, त्या दोन्ही वेळ.

मी त्यांना माझ्या खोलीत बसवून सगळं समजावलं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, "बरी होईन?"

"व्हाल. तुम्हाला वेगळं औषध आहे, दोन महिन्यांचं. हाताला मुंग्या येतात ना, त्याही जातील."

"आणि ते?"

"उद्या विलयक सुरू झालं तर तेही."

"मग एक करा. लिहा, कल्हईवाला आला होता. कुणीतरी फिरता. त्यांना कळायला नको. त्यांच्या हातून झालं हे कळलं तर तो माणूस औषधानंसुद्धा उठायचा नाही."

खरं सांगते, मला पटलं. फौजदार असून पटलं. खाली माझी आणि नानांची सही, बस. कुणाचं काय गेलं? मी पेन उचललंही. आणि उगाच, सवयीनं विचारलं, "अजून कुणाला दिली का कल्हई करून?"

शालनताई पदराचा काठ चुरगाळत राहिल्या. "दोघींना. माझं पातेलं बघून मागं लागल्या. एकीकडे लहान नात आहे, चार वर्षांची. तिची खीर असते त्यात."

मी पेन खाली ठेवलं. फिरता कल्हईवाला कुठून आणायचा, आणि त्याच्या मागे लागून त्या नातीचं पातेलं कसं सापडायचं?

"चला," शेवटी त्याच उठल्या. "मीच सांगते त्यांना. तुम्ही नका बोलू, तुमचा आवाज चढतो."

त्या दोन घरांचे पत्ते मी आधी आरोग्य निरीक्षकांना कळवले आणि भेटीच्या वेळी आम्ही वर गेलो. वॉर्डमध्ये शालनताईंना पाहून नाना उठूनच बसले. चार दिवसांत पहिल्यांदा चेहरा उजळला त्यांचा. मग माझ्याकडे लक्ष गेलं, आणि चोरी पकडलेल्या पोरासारखी मान खाली घातली. शालनताईंनी स्टूल ओढलं. फाटे न फोडता, एकामागून एक सगळं सांगितलं. तार, शिसं, कढी, स्वतःचा आकडा, ती नात.

नाना ऐकत होते. आकडा ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांची पाठ हलत होती.

"मी तुम्हाला विष घातलं," भिंतीला म्हणाले.

"आणि मी तुम्हाला वाढलं," शालनताई म्हणाल्या. "रोज. नको नको म्हणताना आणखी एक वाटी."

"रुजू, ते औषध यांना दे. मला नको."

"दोघांनाही आहे!" माझा आवाज चढलाच. "वेगवेगळं आहे! आणि नाना, तुम्ही गेलात तर यांनी जेवायचं कुणाबरोबर? मी चार वर्षं यांना जेवू घातलंय म्हणजे मला विचारायचा हक्क आहे!"

शेजारच्या खाटेवरचे आजोबा पेपर खाली घेऊन बघायला लागले. बघू देत.

तेवढ्यात आरोग्य निरीक्षक गायकवाडबाई आल्या. त्या दोन पातेली आधीच उचलून आल्या होत्या. बरोबर त्या नातीला आणि तिच्या आजीलाही आणलं होतं, रक्त द्यायला. पोरगी हातात बिस्किट धरून दारात उभी होती. ठणठणीत दिसत होती, आणि वेळेत सापडली होती. नाना वळून तिच्याकडे बघत राहिले.

"हा फॉर्म झाला की उद्या सकाळी पहिला डोस," गायकवाडबाई टॅबलेट उघडून म्हणाल्या. "कागद मात्र मला लावावा लागेल, मावशी. नियम आहे. त्याच्यावर सगळी नावं येतात."

"नको," नाना म्हणाले. "यांचं नाव नको. गल्ली खाऊन टाकेल यांना. मी सही करणार नाही."

आणि रुग्णाच्या सहीशिवाय औषध नाही. मला वाटलं, झालं, हा हटवादी माणूस आता इथे आमच्या डोळ्यांदेखत स्वतःला मारून घेणार.

शालनताईंनी नानांकडे पाहिलंसुद्धा नाही. "लावा हो कागद," त्या गायकवाडबाईंना म्हणाल्या. "विचारा काय ते."

"भांडं कुणाचं?"

"माझं. शालन निकम."

"त्यात शिजवलेलं कोण कोण खायचं?"

"आम्ही दोघं."

"कल्हई कुणी केली?"

"ह्यांनी."

गायकवाडबाईंचं बोट काचेवर थांबलं. "ह्यांनी म्हणजे? पूर्ण नाव सांगा, मावशी."

शालनताईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. सव्वीस वर्षं भरल्या गाडीत ओरडून जागा करून घेतलेली बाई, मान खाली घालून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाली,

"तुम्हीच लिहा की. मी कसं घेऊ नाव?"

नाना हळूहळू उठून बसले, चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि सहीसाठी हात पुढे केला. मी टॅबलेट घेतला आणि नाव घातलं: मधुसूदन विष्णू तासगावकर. खाली नात्याचा रकाना होता. तो काय भरायचा, ते गायकवाडबाईंनी कुणालाच विचारलं नाही.